दालचिनीचा गोड फ्रेंच टोस्ट: गोव्याच्या स्वयंपाकघरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या दारात पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहाच्या आसपास येतो. सायकलीचा भोंगा वाजला की कोणीतरी पिशवी घेऊन गेटपाशी जातो. घरात माणसं चार, पण पाव आठ-दहा घेतले जातात. टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला झालं आणि तो गरम वास आला की हिशेब सुचत नाही. मग दुसऱ्या दिवशी तीन-चार पाव उरतात. आमच्याकडचा रविवारचा गोड फ्रेंच टोस्ट या उरलेल्या पावांतूनच सुरू झाला. गेली पंधरा वर्षं मी तो करते आहे. जावा, भाच्या, शेजारच्या मुली फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आधी प्रमाण सांगा, बाकीचं सावकाश वाचू.

चार पाव आडवे कापून आठ तुकडे. दोन अंडी, १५० मिली दूध, दीड मोठा चमचा साखर, अर्धा चहाचा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ. भाजायला दोन मोठे चमचे तूप-बटर. वरून लावायला चार मोठे चमचे साखर आणि एक चहाचा चमचा दालचिनी पूड ताटलीत एकत्र करून ठेवा.

साखर आणि दालचिनी कोरडी मिसळा, त्यात अंडी फोडून घोटा, मग दूध आणि मीठ घाला. पावाचा तुकडा आधी कापलेल्या बाजूने वीस सेकंद बुडवा, उलटून सालाची बाजू दहा सेकंद. उचलून क्षणभर निथळू द्या. मंद-मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-तीन मिनिटं भाजा. तव्यावरून उतरला की लगेच दालचिनी-साखरेत दोन्ही बाजूंनी घोळवा. व्हॅनिला असेल तर चार थेंब घाला, नसेल तर काही अडत नाही. मीठ मात्र वगळू नका. ते नसलं की टोस्ट नुसता गोड लागतो, दालचिनीची चव पुढे येतच नाही.

फ्रेंच टोस्ट तर तिखट असतो ना? कांदा-मिरची घालून?

आपल्या बहुतेक मराठी घरांत तो तसाच शिकवला जातो: अंड्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, आणि ब्रेड बुडवून तव्यावर. तोही छानच लागतो. पण तो ऑम्लेटच्या घराण्यातला. गोड टोस्ट कस्टर्डच्या घराण्यातला आहे आणि फरक दुधात आहे. तिखट टोस्टमध्ये दूध जवळजवळ नसतं, अंडं पावाच्या बाहेरच राहून शिजतं. गोड टोस्टमध्ये दूध-अंडं पावाच्या आत शिरून तिथे हलकेच घट्ट व्हायला हवं. त्यामुळे तिखट टोस्टची सवय असलेला हात गोड टोस्टला घाई करतो. आच मोठी आणि वेळ कमी, ही ती सवय.

पदेराकडचा कोणता पाव घ्यावा? स्लाइस ब्रेड चालेल का?

स्लाइस ब्रेड चालतो, पण पातळ स्लाइस घेऊ नका. ती दुधात गेली की हातात फाटते. न कापलेला ब्रेड मिळाला तर दोन सेंटिमीटर जाडीचे काप काढा.

आपल्याकडे मात्र त्याहून चांगले पर्याय दारात येतात. नेहमीचा चौकोनी पाव मऊ आणि दूध पिणारा, म्हणून शिकताना त्यावरच शिका. उंडा म्हणजे गोल पाव. त्याचं साल कडक असतं आणि आतला गर मोकळा, भरपूर छिद्रांचा. त्याचे जाड आडवे काप केले तर कडा कुरकुरीत आणि मधला भाग खिरीसारखा मऊ होतो. मला स्वतःला उंड्याचाच टोस्ट सगळ्यात आवडतो. काकणं, म्हणजे बांगडीच्या आकाराचे पाव, मात्र यासाठी वापरू नका. ती फार कोरडी आणि चिवट असतात, ती चहात बुडवूनच खावीत.

पोळी म्हणजे पदेराकडची कोंडा लावलेली, आतून पोकळ पोळी. तिच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कोंड्यामुळे तिला एक खरपूस, किंचित आंबूस चव असते आणि दालचिनी त्या चवीत फार सुंदर मिसळते. तिची पोकळी कामाला आणायची असेल तर अर्धी कापा. नारळाचं चून, म्हणजे गुळात शिजवलेलं खोबरं, करताना गूळ नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि दोन चमचे चून पोकळीत दाबून भरा. मग अख्खी अर्धी पोळी दूध-अंड्यात बुडवा. ती जाड असल्यामुळे झाकण ठेवून भाजावी लागते, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं. कापल्यावर आतून गुळाचा रस ओघळतो. मुलांना द्यायच्या आधी दोन मिनिटं थांबा, तो रस चटका देतो.

पाव शिळाच का लागतो? आणि आमच्याकडे पावसाळ्यात रात्रभर बाहेर ठेवला तर वाळतच नाही, बुरशी येते. काय करावं?

हा प्रश्न जून ते सप्टेंबर हमखास येतो. पाककृतींत लिहिलेलं असतं, ‘ब्रेड रात्रभर उघडा ठेवा.’ कोरड्या हवेत ते बरोबर आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. त्या हवेत उघडा ठेवलेला पाव वाळत नाही. सकाळी तो हाताला गार, दमट आणि दाबला तर रबरासारखा लागतो.

शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळलं की उत्तर सापडतं. पाव भाजला जातो तेव्हा पिठातला स्टार्च पाणी धरून फुगतो. पाव थंड झाला की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. पाव कडक होतो तो मुख्यतः यामुळे, पाणी उडून जायची गरज नसते. फ्रेंच टोस्टला मात्र दोन्ही हवं. स्टार्च बांधलेला असला की तुकडा बुडवल्यावर विरघळत नाही, आणि पाणी कमी असलं की दुधाला आत जायला जागा मिळते. ताजा पाव म्हणजे आधीच भिजलेला स्पंज. त्यात दूध फारसं शिरत नाही, आणि जेवढं शिरतं त्याने लगदा होतो.

मी पावसाळ्यात असं करते. रात्री पाव कापून, ताटात पसरून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवते. स्टार्च बांधला जायला फ्रिजचंच तापमान सगळ्यात पोषक असतं. एरवी पाव फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात ते याचसाठी, इथे मात्र तो दोष आपल्या उपयोगी पडतो. शिवाय फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि बुरशीही लवकर धरत नाही. सकाळी ते तुकडे कोरड्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं ठेवते. रंग येऊ द्यायचा नाही. बोट लावून पाहा: वरचा थर खरखरीत लागला, आतला गर अजून थोडा दबत असला, की झालं. ओव्हन असेल तर १२० अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरतात.

रात्री आठवण राहिली नाही तर सकाळच्या ताज्या पावावरही तव्याची ही युक्ती चालते. फक्त वेळ दुप्पट द्या.

आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा वापरू नका. बुरशीचे तंतू पावाच्या मऊ गरात डोळ्यांना दिसत नाहीत इतके आतवर गेलेले असतात. तो पाव टाकूनच द्यावा.

बाहेरून काळा होतो, आत कच्चा आणि ओला राहतो. असं का होतं?

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. एकदा नवऱ्याची आत्या डिचोलीहून आली होती. मी हौसेने जाडजूड टोस्ट केले, गॅस मोठा ठेवला. वरून रंग असा सुरेख आला होता की मलाच कौतुक वाटलं. आत्यांनी चमच्याने मोडला आणि आतून पिवळट, पातळ अंडं ताटलीत वाहत आलं. त्या काही बोलल्या नाहीत, कडेकडेचा भाग खाल्ला. मला दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

कारण साधं आहे. पृष्ठभागावर खरपूस तांबूस रंग येतो तो १४० अंशांच्या वर, आणि त्यात साखर असली की तो फारच लवकर येतो. आतलं अंडं ७० अंशांच्या थोडं वर गेलं की घट्ट होतं, पण उष्णतेला दीड-दोन सेंटिमीटर ओल्या पावातून आत जायला वेळ लागतो. बाहेरचं काम मिनिटात उरकतं, आतलं पाच-सहा मिनिटं मागतं. म्हणून या चार गोष्टी बघा.

मिश्रणात साखर दीड मोठ्या चमच्यापेक्षा जास्त घालू नका. गोडवा हवा तर वरून द्या.

भिजवून झाल्यावर तुकडा जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर एक मिनिट ठेवा. जादा दूध गळून जातं आणि आत गेलेलं सगळीकडे सारखं पसरतं.

तवा आधी मध्यम तापवा, बटर टाका, त्याचा चुरचुर आवाज मंदावला की टोस्ट ठेवा आणि आच कमी करा. टोस्ट ठेवल्यावर आवाज यायला हवा, पण कुजबुजल्यासारखा. तडतडला तर आच जास्त आहे.

दुसरी बाजू भाजताना एक मिनिट झाकण ठेवा, मग काढा. झाकण तसंच ठेवलं तर वाफेने वरचं साल मऊ पडतं.

झाला की नाही हे बघायला मधोमध बोटाने दाबा. तो दबून लगेच वर आला पाहिजे. खड्डा राहिला किंवा कडेतून दुधाळ पाणी सुटलं तर आणखी दोन मिनिटं.

दालचिनी पूड दुधावर तरंगते, गुठळ्या होतात. पहिल्या टोस्टला सगळी दालचिनी, शेवटच्याला काहीच नाही.

ही पूड पाण्याला सहज धरत नाही. तिचा वास ज्या तेलात आहे ते तेल स्निग्ध पदार्थात मिसळतं, दुधातल्या पाण्यात नाही. म्हणून ती आधी साखरेत कोरडी मिसळा आणि मग अंड्यात, विशेषतः बलकात, घोटा. बलकात स्निग्धता भरपूर असते, पूड त्यात व्यवस्थित बसते. दूध शेवटी. तरीही प्रत्येक तुकडा बुडवायच्या आधी काट्याने तळापासून एकदा ढवळा. मिश्रण करून तासभर ठेवलं तर दालचिनी पाणी शोषून थोडी बुळबुळीत होते, म्हणून आयत्या वेळी करा.

दालचिनी कोणती घ्यायची? फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत मिळते ती वेगळी असते का?

‘दालचिनी’ या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या झाडांची साल विकली जाते. एक श्रीलंकेची, जिला आपल्याकडे कलमी दालचिनी म्हणतात. तिचे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात, बिडीच्या पानांसारखे, आणि बोटांनी दाबली तरी चुरा होते. रंग फिका तपकिरी, वास गोडसर, त्यात लवंगेची किंचित झाक. दुसरी कॅसिया: जाड, कडक, लालसर तपकिरी साल, एकच वळण घेतलेली, मोडताना ‘कट्ट’ आवाज होतो. ती जिभेला झोंबते. बिर्याणीला, शाकुतीच्या मसाल्याला तिचा जोर हवासा वाटतो. गोड टोस्टला मी कलमीच वापरते. तिचा वास दुधाला दाबत नाही.

फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी, खांडेपार या भागांत कुळागरांतून पोफळी-नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, वेलची यांच्यासोबत दालचिनीची झाडंही असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची दालचिनीची जात काढली आहे, तीही आपल्या या पट्ट्यासाठीच. बागेतून साल घेताना तुकडा मोडून वास घ्या. मोडलेल्या कडेला वास भरभरून आला पाहिजे.

पूड विकत घेण्यापेक्षा घरी करा. मी एकदा एका दुकानातून घेतलेली पुडी उघडली तर लाकडाच्या भुश्यासारखा वास, आणि तेवढ्या दालचिनीने अख्ख्या रविवारची चव घालवली. दोन-तीन कांड्या तव्यावर मिनिटभर नुसत्या कोमट करा, भाजू नका. गार झाल्या की एक चमचा साखरेबरोबर मिक्सरमधून काढा. साखरेच्या कणांमुळे साल बारीक दळली जाते. चहाच्या गाळणीतून चाळा. पंधरा दिवसांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

जाता जाता एक सांगते. आपला ‘दालचिनी’ हा शब्द फारसीतल्या ‘दारचिनी’वरून आला, अर्थ ‘चीनचं लाकूड’. आणि उत्तम दालचिनी मात्र चीनची नव्हे, श्रीलंकेची. तिच्याच ओढीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज तिथे पोचले आणि १६५६ साली डचांनी कोलंबो घेईपर्यंत तो व्यापार बहुतांशी त्यांच्या हातात होता. त्या सगळ्या कारभाराची राजधानी होती आपलं गोवें.

मुलांना दर आठवड्याला दिला तर दालचिनी जास्त होईल का?

या प्रमाणात नाही. कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं आणि ते रोज, खूप, दीर्घकाळ पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम अशी घालून दिली आहे. कलमी दालचिनीत कूमरिन नाममात्र असतं. तेव्हा लहान मुलांचं घर असेल तर कलमी घ्या आणि निश्चिंत राहा. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून खा.

आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात अंडं चालत नाही. अंड्याशिवाय होतो का?

होतो, आणि ‘अंड्यासारखा’ करायच्या नादी लागला नाहीत तर फार चांगला होतो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात अंड्याला हात लावला नाही. त्यांच्यासाठी करता करता मी दोन तऱ्हा पक्क्या केल्या. त्यांचं भांडं आणि तवा वेगळा, तेवढं आधी बघायचं.

पहिली तऱ्हा कस्टर्ड पावडरची. १५० मिली दुधात दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर, दीड मोठा चमचा साखर, दालचिनी, मीठ. आपल्याकडची कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. तरी पाकिटावरची हिरवी खूण बघून घ्या. ती तळाशी बसते, म्हणून प्रत्येक तुकड्याआधी ढवळणं आलंच. तव्यावर ती पावाभोवती पातळ पापुद्रा धरते आणि छान कुरकुरीत होते. इथे भिजवायचा वेळ निम्मा करा, कारण आत दूध घट्ट धरून ठेवायला अंडं नाही.

दुसरी तऱ्हा केळ्याची. एक पूर्ण पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, गाळणीतून दाबून काढा. त्यात १५० मिली नारळाचा जाड रस, दालचिनी, मीठ. साखर नकोच. हा टोस्ट लवकर लाल होतो आणि तव्याला धरतो, म्हणून तूप थोडं सढळ हाताने घाला आणि पहिली दोन मिनिटं हलवू नका. खालचा थर तयार झाला की तव्यापासून तो आपणहून सुटतो. सासूबाई हाच मागायच्या. नारळाचा रस, केळं आणि दालचिनी एकत्र तव्यावर तापली की घरभर नैवेद्याच्या पानासारखा वास सुटतो.

बेसन घालूनही लोक करतात. मला त्यात कच्च्या पिठाचा वास राहतो असं वाटतं, म्हणून मी सुचवत नाही.

बटर, तूप की तेल?

निम्मं बटर, निम्मं साजूक तूप. बटरमध्ये दुधाचे घन कण असतात, चव त्यांच्यामुळे येते आणि काळे तेच पडतात. तुपात ते कण गाळून गेलेले असतात, त्यामुळे ते आच सहन करतं. दोन तवे भाजून झाले की तवा कागदाने पुसून घ्या, नाहीतर जळके कण पुढच्या टोस्टला चिकटतात. खोबरेल तेल केळ्याच्या टोस्टला शोभतं. रिफाइंड तेलाने टोस्ट भाजला जातो, पण त्यात खाण्याचं सुख नाही.

वरून काय घालावं? मेपल सिरप इथे महाग पडतं.

मेपल सिरप विसरा. आपल्याकडे माडाचं गोड आहे.

नारळाच्या झाडाच्या रसापासून केलेला हा काळपट गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या मार्केटात मिळतो. त्याला धुराची, थोडी खारट, जवळजवळ कॉफीसारखी चव असते. दोदोल ही आपली मिठाई ज्याने काळी होते तेच हे. १०० ग्रॅम गोड किसून पाव वाटी पाण्यात मंद आचेवर विरघळवा आणि गाळून घ्या. त्यात कचरा असतोच, गाळायचा आळस करू नका. पुन्हा गॅसवर ठेवून तीन-चार मिनिटं उकळा, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत. मग गॅस बंद करा आणि पाव वाटी जाड नारळाचा रस हळूहळू घालून ढवळा. रस गॅसवर उकळलात तर तो फाटतो आणि तेल वेगळं दिसतं. शेवटी मिठाचे दोन कण. हे सिरप गरम टोस्टवर घातलं की कडेकडेने आत शिरतं आणि वर एक चकचकीत काळसर थर राहतो. सोबत दालचिनी-साखर लावायची गरज नाही, नुसती दालचिनी भुरभुरवा. माडाचं गोड मिळालं नाही तर काकवी आहेच, तिच्यात लिंबाचे दोन थेंब पिळा.

फळांत बारा महिने केळी. लांबट मयड्याची केळी मिळाली तर उभी कापून तुपात दोन्ही बाजूंनी परता. एप्रिल-मेमध्ये मानकुराद. ज्या आंब्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं तो आंबा दालचिनीखाली झाकून टाकू नका. त्या दिवसांत टोस्टमधली दालचिनी निम्मी करा आणि फोडी थंडगार, बाजूला ठेवा.

अंड्याचा वशट वास येतो.

बहुधा अंडी नीट घोटलेली नसतात आणि पांढऱ्याचे तार पावाबाहेर लोंबून तव्यावर ऑम्लेटसारखे शिजतात. मिश्रण गाळून घ्या, निम्मा वास तिथेच जातो. दोन अंड्यांतलं एक पांढरं कमी करून नुसता बलक घातला तर आणखी फरक पडतो. चिमूटभर जायफळही मदतीला येतं.

दहा-बारा माणसं आली तर सगळ्यांना एकदम गरम कसे द्यायचे?

एकावर एक रचू नका. वाफेने खालचे टोस्ट ओले होतात. ओव्हन असेल तर १०० अंशांवर जाळीवर ठेवत जा, अर्धा तास चांगले राहतात.

त्याहून सोपं म्हणजे ट्रेमधला टोस्ट. नाताळच्या सुट्टीत घर भरलेलं असलं की मी हाच करते. दहा पावांचे मोठे तुकडे बटर लावलेल्या ट्रेमध्ये पसरून, सहा अंडी, ४५० मिली दूध, पाच चमचे साखर आणि दीड चहाचा चमचा दालचिनीचं मिश्रण ओतायचं, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. वर बटरचे बारीक तुकडे आणि काजूचा भरड चुरा. यात मधला भाग पुडिंगसारखा होतो. कडेचा कुरकुरीत तुकडा कोणाला मिळणार यावरून आमच्याकडे दर वर्षी वाद होतो.

मुलांच्या डब्यात देता येतो का?

येतो. पूर्ण गार होऊ द्या, बोटभर पट्ट्या कापा, साखर वेगळ्या डबीत द्या. आधी लावली तर तिला पाणी सुटतं. सिरप नको. अंड्याचा पदार्थ आहे, पहिल्या मधल्या सुट्टीत संपला पाहिजे.

फ्रेंच लोकांनीच काढला का हा?

नाही. एपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात दुधात भिजवून तेलात तळलेला आणि वर मध ओतलेला पाव आहे. खुद्द फ्रान्समध्ये याला ‘पँ पर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. स्पेनमध्ये ‘तोरिहास’, ती ईस्टरच्या आधीच्या दिवसांत. पोर्तुगालमध्ये ‘रबानादास’, नाताळात, साखर आणि दालचिनीत घोळवलेले. काही भागांत दुधाऐवजी वाइनमध्ये भिजवतात.

आपल्याला पाव दिला तो पोर्तुगिजांनी. पदेर हा शब्दही त्यांच्या ‘पादेइरो’वरून आला. पूर्वी इथले पदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. तेव्हा पोर्तुगिजांचा पाव, लंकेची दालचिनी आणि आपला नारळ एका तव्यावर येणं हे गोव्यात अगदी स्वाभाविक वाटतं मला.

रात्रीच पाव भिजवून ठेवला तर सकाळची घाई वाचेल?

ट्रेच्या टोस्टला हो, तव्याच्या टोस्टला नाही. मऊ पाव रात्रभर भिजला की उचलता येत नाही. फार तर उंड्याचे जाड काप रात्री झाकून फ्रिजमध्ये भिजवा. ते तग धरतात.

केलेले टोस्ट उरले तर?

फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये ते चिवट होतात, मंद तव्यावर थोड्या तुपात गरम करा. फ्रीझरमध्ये वेगवेगळे गोठवून मग पिशवीत भरले तर महिनाभर चालतात.

आणि दूध-अंड्याचं मिश्रण उरलं तर?

गोव्याच्या उकाड्यात ते ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नका. त्यात पावाचे तुकडेही पडलेले असतात. मी ते लगेच गाळून छोट्या वाटीत ओतते, वाटी झाकून कुकरमध्ये शिट्टी न लावता पंधरा मिनिटं वाफवते. वाटीभर दालचिनीचं पुडिंग तयार होतं, आणि ते माझं असतं.